टेबलाच्या पलीकडचं आभाळ

वॉटर्लूचं रणांगण टेबलावर मांडलं की एक पंचाईत होते. हिरवी शेतं, मातीचा रस्ता, तांबड्या कोटातल्या इंग्रज शिपायांची रांग असं सगळं जमून येतं आणि त्या रांगेच्या मागे थेट पुस्तकांचं कपाट उभं राहतं. तोफांच्या डोक्यावर विजेचा बोर्ड दिसतो. शिपायाची उंची २८ मिलिमीटर आणि त्याच्या मागच्या खुर्चीचा पाय दीड फुटाचा. टेबलाच्या कडेला रणांगण संपतं आणि बैठकीची खोली सुरू होते.

युद्धखेळाचा नाद असलेल्यांनी, त्यातही ब्रिटनमधल्यांनी, यावर काढलेला तोडगा म्हणजे देखाव्याची फळी. टेबलाच्या मागच्या आणि बाजूच्या कडांना फूट-दीड फूट उंचीचे फलक उभे करायचे आणि त्यांवर पुढचा मुलूख, डोंगर नि आभाळ रंगवायचं. काम सोपं वाटतं. पण बऱ्याच फळ्या उभ्या राहिल्यावर पोस्टर चिकटवल्यासारख्या दिसतात. रंगवणारा कमी पडला असं दर वेळी नसतं. फळी करण्याआधी एक प्रश्न विचारायचा राहून गेलेला असतो : बघणाऱ्याचा डोळा कुठे आहे?

डोळा वर, डोळा खाली

या छंदाचा इतिहास डोळ्याच्या उंचीवरूनही सांगता येतो. प्रशियाच्या तोफखान्यातला लेफ्टनंट राइसवित्झ याने १८२४ साली 'क्रीगश्पील' हा खेळ नियमांसह मांडला, तेव्हा रणांगण म्हणून १:८००० या प्रमाणातला नकाशा होता. त्यावर अधिकारी वाकून सोंगट्या सरकवायचे. डोळा थेट वरून बघणारा, त्यामुळे आभाळाचा प्रश्नच नव्हता.

१८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये विल्यम सिबॉर्न या लष्करी अधिकाऱ्याने वॉटर्लूची प्रतिकृती लोकांपुढे ठेवली. त्यासाठी त्याने ला हे सांत या शेतवाडीवर आठ महिने मुक्काम करून जमिनीची मोजणी केली होती. नऊ फूट जमीन म्हणजे एक इंच, या हिशोबाने केलेल्या त्या मैदानावर सुमारे ७५,००० चिमुकले शिपाई होते. आज ही प्रतिकृती लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. लोक तिच्या चारी बाजूंनी फिरत, म्हणून तिलाही मागचा पडदा नव्हता. जिथे चारी बाजूंनी बघायचं, तिथे 'मागची' अशी बाजूच नसते.

मग एच. जी. वेल्सने रणांगण जमिनीवर आणलं. १९१३ च्या 'लिटल वॉर्स' या पुस्तकात त्याने सांगितलेला खेळ फरशीवर किंवा गवतावर खेळायचा होता. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडाची छोटी कांडी उडवून शिसाचे शिपाई पाडायचे. नेम धरायचा तर पालथं पडावं लागे आणि पालथं पडलं की डोळा शिपायाच्या डोळ्याला भिडे.

१९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोनचं 'वॉर गेम्स' आलं. हा गृहस्थ साउदम्प्टन फुटबॉल क्लबचा फिजिओथेरपिस्ट. त्याच्या आणि त्याच्या पिढीच्या पुस्तकांमुळे हा खेळ ब्रिटनमधल्या घराघरांतल्या टेबलांवर स्थिरावला. डोळा पुन्हा वर गेला. खेळाडू उभा राहून फुटपट्टीने अंतर मोजतो, फासे टाकतो, पलटण सरकवतो. त्याला मागच्या भिंतीकडे बघायला सवड नसते.

फळीची खरी गरज निर्माण केली कॅमेऱ्याने. १९७८ मध्ये टाइन टीज या दूरचित्रवाहिनीने 'बॅटलग्राउंड' ही मालिका केली. तिचा सूत्रधार अभिनेता एडवर्ड वुडवर्ड होता आणि तिच्यात पीटर गिल्डर या युद्धखेळाडूच्या टेबलांवरच्या लढाया दिसल्या. पुढे १९८३ साली 'मिनिएचर वॉरगेम्स' आणि १९८७ साली 'वॉरगेम्स इलस्ट्रेटेड' ही मासिकं निघाली. छायाचित्रकाराने कॅमेरा टेबलाला टेकवला की शिपाई माणसाएवढा भासतो, धुरळा उडाल्यासारखा वाटतो. पण त्याच क्षणी मागचं कपाटही चौकटीत घुसतं. टेबलावरून दिसणारं जग कुठेतरी अडवणं भाग पडलं.

कड लपवण्याची जुनी विद्या

चित्र आणि खरी वस्तू यांचा सांधा लपवण्याची विद्या मात्र युद्धखेळाच्या कितीतरी आधीची आहे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली गोलाकार चित्राचं पेटंट घेतलं आणि १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्यासाठी खास गोल इमारत उभी केली. मधल्या चौथऱ्यावर उभं राहून प्रेक्षकाने सभोवार बघायचं. बार्करची खरी चलाखी चित्राइतकीच त्याच्या कडांत होती. वरची कड छताखालच्या आडोशाने झाकलेली आणि खालची कड चौथऱ्यामुळे दिसेनाशी झालेली. चित्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं हे कळलं नाही, की डोळ्याला मोजमाप करायला आधारच उरत नाही.

पुढच्या पॅनोरामांनी त्यात भर घातली. वॉटर्लूच्या रणभूमीवरच, सिंहाच्या टेकडीच्या पायथ्याशी, लुई दुमुलँ या चित्रकाराचा १९१२ चा पॅनोरामा आहे. घेर ११० मीटर, उंची १२ मीटर. चित्राच्या पुढ्यात खरी वाटणारी जमीन केली आहे. तिच्यावर कुंपणं आहेत, पडलेले घोडे आहेत, शिपायांचे पुतळे आहेत. जमीन पुढे सरकत सरकत चित्रात शिरते. टेबलाला फळी लावणारा नेमकं हेच करत असतो, फक्त साठपट लहान.

न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीमध्ये १९३६ साली आफ्रिकी सस्तन प्राण्यांचं दालन उघडलं. कार्ल एकलीच्या कल्पनेतून आलेल्या या दालनात खऱ्या कातडीचे प्राणी पुढे आणि मागे वळणदार भिंतीवर रंगवलेलं गवताळ रान आहे. याच संग्रहालयातला पार्श्वचित्रकार जेम्स पेरी विल्सन शिक्षणाने वास्तुविशारद होता. सपाट छायाचित्र वळणदार भिंतीवर उतरवताना आकार ताणले जातात, म्हणून तो छायाचित्रावर एक आणि भिंतीवर दुसरी अशा चौकटींच्या दोन जाळ्या आखायचा. दोन्हींचा मेळ प्रेक्षकाच्या ठरलेल्या जागेवरून घालायचा. म्हणजे रंगवायला घेण्याआधी डोळा कुठे आहे हे त्याने ठरवलेलं असे.

आपल्याकडे संगीत नाटकांचे रंगवलेले पडदे याच घराण्यातले. कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्याने भाऊ असलेले दोघे सिनेमाकडे वळण्याआधी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवण्यासाठी नावाजलेले होते. राजवाड्याचे खांब मागे मागे जाताना दाखवायचे, तर ते थिएटरातल्या कोणत्या जागेवरून नीट दिसावेत, हा हिशोब तिथेही असतोच.

क्षितिज कुठे काढायचं?

आता टेबलाकडे येऊ. क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीवर दिसतं. समुद्रकाठी बसलात तर ते खाली येतं, गच्चीवर चढलात तर तेही वर चढतं. मग फळीवर ते कुठे रंगवायचं?

२८ मिलिमीटरचा शिपाई साधारण १:६० या प्रमाणात येतो असं धरू. टेबल जमिनीपासून ७५ सेंटिमीटर आणि उभ्या खेळाडूचा डोळा १५५ सेंटिमीटरवर असेल, तर डोळा टेबलाच्या ८० सेंटिमीटर वर आहे. साठपट केलं की ४८ मीटर होतात. म्हणजे हा खेळाडू पंधरा-सोळा मजली इमारतीच्या गच्चीतून लढाई बघतोय. भूमितीप्रमाणे त्याचं क्षितिज टेबलापासून ८० सेंटिमीटर वर हवं. तोच खुर्चीत बसला की ते साधारण ४५ सेंटिमीटरवर येतं. आणि टेबलाला टेकवलेल्या कॅमेऱ्यासाठी ते तीन-चार सेंटिमीटरवर.

फळीची उंची ४० सेंटिमीटर. याचा अर्थ, उभ्या माणसाच्या दृष्टीने तिच्यावर आभाळ असताच कामा नये, सगळी जमीनच हवी. कॅमेऱ्याच्या दृष्टीने तिच्यावर जवळजवळ सगळं आभाळच हवं. एकाच फळीने दोघांचं समाधान करणं भूमितीला मान्य नाही.

त्यातून वाट अशी की क्षितिज रंगवायचंच नाही. दूरवर पसरलेलं सपाट मैदान, तळं, समुद्र यांतलं काहीही फळीवर आलं की आडवी रेघ येते आणि ती रेघ डोळ्याची उंची सांगून टाकते. त्याऐवजी फळीच्या खालच्या १०–१५ सेंटिमीटरांत चढाची शेतं, झाडीची रांग, एकामागे एक टेकड्या असू द्या. टेकडीची कड डोळ्याच्या वर असू शकते किंवा खाली. ती कुठेही खोटी ठरत नाही. नॉर्मंडीची कुंपणं, वॉटर्लूची उतरण, स्पेनचे डोंगर यांना ही युक्ती आयती लागू पडते. एल अलामीनच्या वाळवंटाला मात्र ती तशी वापरता येत नाही. तिथे आडवी रेघ खाली ठेवून धुळीच्या रंगात पुसट करावी, म्हणजे जमीन आणि आभाळ नेमकं कुठे भेटतात हे दिसत नाही.

दुसरी फसगत अंतराची. चार फुटांचं टेबल १:६० ने धरलं तर जेमतेम ७३ मीटर भरतं. म्हणजे समोरच्या कडेपलीकडची पहिली वस्तू शंभर मीटरच्या आतबाहेर असते. तिथे लगेच निळे पर्वत उभे केले तर मधले दहा-वीस किलोमीटर कुणी कापून नेल्यासारखे वाटतात. फळीच्या पायथ्याशी जवळची झाडं हवीत. ती टेबलावरच्या झाडांपेक्षा किंचित लहान आणि रंगाने जवळजवळ तशीच असावीत. त्यामागे शेतांच्या चिरोट्या, मग गडद टेकडी, मग फिकी, मग निळसर.

हा निळेपणा हवेमुळे येतो. हवेतले रेणू कमी लांबीच्या प्रकाशलहरी जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश ७०० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशाच्या जवळपास सहापट विखुरतो. आपण आणि डोंगर यांच्यामध्ये जितकी हवा जास्त, तितका हा विखुरलेला प्रकाश डोंगराच्या गडद रंगावर चढतो. पावसाळा सरल्यावर घाटमाथ्यावरून सह्याद्रीच्या रांगा बघितल्या तर हा क्रम स्वच्छ दिसतो : दर रांग आधीच्या रांगेपेक्षा फिकी, निळी आणि कमी तपशिलाची. रंगवताना टेबलावरच्या जमिनीचाच रंग घ्यावा आणि प्रत्येक रांगेला त्यात थोडा पांढरा नि चिमूटभर निळा मिसळत जावं. आभाळही एका रंगाचं नसतं. डोक्यावर गडद आणि क्षितिजाकडे फिकं असतं. रंग बिनचमकीचाच हवा. चकाकी आली की दिव्याचं प्रतिबिंब ढगात दिसतं. छापील देखाव्यासाठी चमकदार फ्लेक्सपेक्षा मॅट व्हिनाइल बरं, तेही याच कारणाने.

सांधा

देखावा कितीही सुरेख असो, टेबल आणि फळी जिथे भेटतात ती सरळ रेघ दिसली की सगळं उघडं पडतं. म्हणून त्या रेघेवर काहीतरी ठेवायचं : दगडी गडगा, झुडपांचं कुंपण, किंवा फळीच्या दिशेने चढणारा आणि फळीला भिडण्याआधी इंचभर खाली उतरणारा उंचवटा. कॅमेऱ्याला उंचवट्याचा माथा दिसतो, त्यामागची फट दिसत नाही.

रस्ता आणि नदी यांना जास्त जपावं लागतं. रस्ता फळीला काटकोनात भिडला आणि तिच्यावर पुढे रंगवला, तर तो फक्त एकाच जागेवरून सरळ दिसतो. बघणारा दोन पावलं बाजूला सरकला की रस्ता कडेवर मोडतो. त्यापेक्षा टेबलावरच तो वळवून टेकडीआड किंवा झाडीत शिरू द्यावा. पुढे तो कुठे गेला हे बघणाऱ्याचं मन आपोआप पुरं करतं.

सावली हा तिसरा फितूर. फळीला चिकटून उभ्या झाडाची सावली आभाळावर पडते आणि आभाळ म्हणजे भिंत आहे हे जाहीर होतं. उंच झाडं फळीपासून पाच-सहा इंच पुढे, दिवे समोरून आणि वरून, दोन बाजूंना. चित्रातला उजेड डावीकडून येत असेल तर दिवाही डावीकडचा जरा प्रखर असावा.

आणि शिपाई? इटलीतल्या विचेंझा शहरात तेआत्रो ओलिंपिको हे नाट्यगृह १५८५ मध्ये सुरू झालं. तिथल्या रंगमंचामागे विन्चेन्झो स्कामोत्सीने लाकडाच्या गल्ल्या बांधल्या. त्या मागे मागे झपाट्याने अरुंद आणि बुटक्या होत जातात, त्यामुळे काही मीटरांची गल्ली लांबलचक वाटते. अट एकच : नटाने त्या गल्लीत फार आत जायचं नाही, नाहीतर तो छपरांहून उंच दिसतो. टेबलावरही हेच घडतं. फळीजवळ ६ मिलिमीटरच्या मापाची घरं ठेवून गाव दूर भासवता येतं, पण खेळाच्या ओघात २८ मिलिमीटरचा घोडेस्वार त्या गावापाशी पोचला की गाव खेळणं होऊन जातं. म्हणून मागच्या तीन-चार इंचांची पट्टी खेळाबाहेर ठेवायची आणि हे खेळाच्या सुरुवातीलाच सांगायचं.

बोल्ट, पट्टी आणि खिट्टी

आता सुतारकाम. फळी पडते ती तिच्या वजनाने क्वचित, कोपर लागून जास्त वेळा. समजा फळी टेबलाच्या वर १६ इंच आहे आणि ती टेबलाच्या कडेला खालीवर अशा दोन बोल्टांनी धरली आहे. एक बोल्ट पृष्ठभागाच्या एक इंच खाली आणि दुसरा दोन इंच खाली. वरच्या टोकाला एक किलोचा धक्का बसला तर वरच्या बोल्टवर १८ किलोचा ताण येतो. खालचा बोल्ट चार इंच खाली नेला तर तोच ताण साडेसहा-सात किलोवर येतो. बोल्ट तेच, फळी तीच. फक्त दोघांमधलं अंतर एकावरून तीन इंच केलं.

अडचण अशी की टेबलाची कड १८ मिलिमीटर प्लायची असते, तिच्यात चार इंच खाली बोल्ट लावायला जागाच नाही. म्हणून टेबलाच्या खाली कडेला धरून चार-पाच इंच रुंदीची लाकडी पट्टी ठोकून घ्यावी. फळीही तेवढी खाली उतरवावी, म्हणजे ती या पट्टीवर पाठ टेकते. बोल्टांना विंगनट लावावेत, पाना लागत नाही. फळीतली भोकं गोल न ठेवता उभी लांबट ठेवावीत. टेबलावरचे जमिनीचे तुकडे थोडे कमी-जास्त जाडीचे निघाले तर फळी वरखाली करून कड जुळवता येते. एमडीएफच्या जाडीत थेट स्क्रू पिळला तर ते थरांतून फुटतं. आधी बारीक भोक पाडायलाच हवं.

भाड्याच्या घरात किंवा जेवणाच्या टेबलावर खेळणाऱ्याने भोकं पाडू नयेत. फळीच्या पाठीला उभ्या दांड्या लावाव्यात आणि त्या सी-क्लॅम्पने टेबलाला आवळाव्यात. क्लॅम्प आणि टेबल यांच्यात रबराचा तुकडा ठेवावा. तिसरा मार्ग बिजागऱ्यांचा : मागची एक आणि बाजूंच्या दोन फळ्या बिजागऱ्यांनी जोडल्या की घडीच्या पडद्यासारखं ते आपोआप उभं राहतं, आणि टेबलाला फक्त दोन ठिकाणी धरलं की भागतं.

निओडिमियमची चुंबकं या छंदात फार लाडकी, पण त्यांचं काम ओळखून द्यावं. चुंबक सरळ ओढायला दाद देत नाही, मात्र बाजूला सरकवलं की सहज घसरतं, कारण तिथे ते फक्त घर्षणावर टिकून असतं. म्हणून फळीचं वजन खालच्या पट्टीवर टेकवावं आणि दोन फळ्यांची फट मिटवण्यापुरती चुंबकं वापरावीत.

सहा फुटांची एकसंध फळी जिन्यातून वळत नाही, त्यामुळे दोन-दोन फुटांचे तीन तुकडे करणं सोयीचं. सांधे मोकळ्या आभाळाच्या मधोमध न येता ढगाच्या कडेशी आणि खाली झाडामागे यावेत, अशी आखणी रंगवण्याआधीच करावी. काटकोनी कोपऱ्यात आभाळाचा रंग दोन बाजूंना वेगळा दिसतो. तिथे तीन मिलिमीटरचा हार्डबोर्ड किंवा पातळ सनबोर्ड वाकवून गोलाई दिली तर ती रेघ जाते. हार्डबोर्डाला एकाच बाजूने रंग दिला की तो वाकतो. पाठीमागेही एक हात द्यावाच.

समोरचा खेळाडू

हे सगळं जमलं तरी एक हिशोब उरतो. युद्धखेळ दोघांचा असतो, आणि दोघे लांब कडांना समोरासमोर उभे असतात. मागची फळी म्हणजे त्यातल्या एकाच्या तोंडासमोर भिंत. त्याला आपली फौज दिसणार नाही, फुटपट्टी पोचणार नाही.

म्हणून जिथे प्रेक्षक एकाच बाजूला असतात तिथेच पक्की फळी शोभते. लंडनच्या 'सॅल्यूट'सारख्या मेळ्यांत मांडलेली प्रेक्षणीय टेबलं अशी लावता येतात. एकट्याने खेळणाऱ्यालाही ती चालते, आणि त्या प्रकाराला प्रतिष्ठा आहे : फेदरस्टोननेच १९७३ मध्ये एकट्याच्या खेळावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. घरी दोघे खेळत असतील तर आखूड कडांना कायमच्या फळ्या लावाव्यात, तिथे सहसा कुणी उभं नसतं. लांब कडेची फळी फोटोपुरती चढवावी आणि चाल सुरू होण्याआधी उतरवावी.

एवढं ठरलं की कामाचा क्रम आपोआप लागतो. आधी डोळा ठरवा : उभा, बसलेला की कॅमेऱ्याचा. त्यावरून देखाव्यात किती जमीन आणि किती आभाळ हे ठरेल. मग सांधा लपवायला टेबलावर काय ठेवायचं ते, मग बोल्टांची जागा, आणि रंगाचा डबा सगळ्यात शेवटी उघडायचा. बहुतेक जण तो सगळ्यात आधी उघडतात, आणि मग सुंदर रंगवलेली फळी कुठे नि कशी उभी करायची, याचा विचार फळी हातात घेऊन करत बसतात.